समुद्रांतील पिलांचें उष्टावण

मत्स्याहार वर्ज्य असलेल्या घरांत माशांच्या शेतीचा विषय कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु तींतील मुख्य अडचण प्रत्येक गृहिणीच्या परिचयाची आहे. लेंकराला पहिला घास कोणता द्यावा, हीच ती अडचण होय.

१८६४ सालापासून जी. ओ. सार्स हे प्राणिशास्त्रज्ञ नॉर्वे सरकारच्या वतीनें लोफोटेन बेटांजवळ कॉड माशाची पाहणी करूं लागले. कॉडचीं अंडीं तळाशीं न बसतां पाण्यांत वर तरंगतात, हें त्यांना आढळलें. पुढें कॅप्टन डानेव्हिग यांनीं फ्लोडेव्हिगेन येथें १८८२ च्या सुमारास उबवणीगृह उभारिलें, आणि तेथून कोट्यवधि पिलें समुद्रांत सोडण्यांत येऊं लागलीं. हा क्रम १९७१ पर्यंत चालला. हौदांत अंडीं फुटत. पण फुटलेलें पिलूं वाढवावें कसें हें ठाऊक नसल्यामुळें तें समुद्राच्या ओटींत घालण्यांत येई, असाच आम्ही याचा अर्थ करितों.

नवजात पिलाच्या पोटाशीं बलकाची पिशवी असते. ही शिदोरी थोडे दिवस पुरते. ती सरतांच त्याला स्वतः शिकार करावी लागते. निश्चल पडलेलें अन्न तें बहुधा ओळखीतच नाहीं. भक्ष्य डोळ्यांपुढें हललें पाहिजे, आणि त्या इवल्याशा तोंडांत मावलेंहि पाहिजे! याच वेळीं उपासमार झाल्यानें असंख्य पिलें दगावत असावीं, असा तर्क योहान यॉर्ट यांनीं १९१४ सालीं मांडला.

उत्तर सांपडलें तें खाऱ्या सरोवरांतील व मिठागरांतील एका क्षुद्र जीवांत. आर्टेमिया हें त्याचें नांव. त्याचीं वाळलेलीं अंडीं डब्यांत बंद करून वर्षानुवर्षें ठेवावीं, आणि हवीं तेव्हां खाऱ्या पाण्यांत टाकावीं. एकदोन दिवसांत सुमारें अर्ध्या मिलिमीटरचे वळवळणारे जीव बाहेर पडतात. साठवणीचें असूनहि ताजें, असें अन्न! नॉर्वेंतील गुनार रोलेफ्सेन यांनीं १९३९ सालीं प्लेस या चपट्या माशाचीं पिलें त्यावर पोसून दाखविलीं. पुढें १९६० च्या आगेमागें शेलबोर्न यांनीं आइल ऑफ मॅनमधील पोर्ट एरिन येथें हींच पिलें हजारोंनीं वाढविलीं. ज्यांच्या तोंडांत आर्टेमियाहि मावत नाहीं, अशा पिलांसाठीं जपानी संशोधकांनीं त्याच दशकांत रोटिफर हा अधिक सूक्ष्म जीव उपयोगांत आणिला.

मुंबईंत वडाळ्याच्या मिठागरांतहि आर्टेमिया असल्याची नोंद १९५३ सालीं झाली आहे.