हवेच्या बंदुकीची बदललेली तरफ

नेमबाजी म्हटली कीं डोळ्यांपुढें धूर, आवाज आणि शिकारीचें रान उभें राहतें. आजचा विषय त्या रानांतला नाहीं. दहा मीटरांवरील हवेची बंदूक हें शाळकरी मुलामुलींच्या हातीं असणारें एक सूक्ष्म यंत्र आहे. १९८४ सालीं लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्यें तिला प्रथम स्थान मिळालें. २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यांनीं तिच्यावर सुवर्णपदक मिळविलें, आणि २०२२ सालीं कैरो येथें ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील जगज्जेते झाले. आपल्या शहरांतील पुष्कळ घरांत कपाटाच्या बाजूला तिची लांब पेटी उभी असते.

या बंदुकीचा घोडा चढविण्याची जी तरफ, ती बदलून दुसऱ्या कारागिरानें घडविलेली तरफ बसविण्याची प्रथा आतां बरीच रूढ आहे. तिला कारणही आहे. पात्रता-फेरींत ७५ मिनिटांत ६० वेळां नेम धरावयाचा, म्हणजे तितक्याच वेळां तरफ ओढावयाची. शिवाय सरावाचे बार निराळेच. मुलाचा हात आंखूड असला तर लांब मूठ सोयीची वाटते. मात्र नवी तरफ बसली कीं कित्येकदां तक्रारीही सुरू होतात : घोडा कधीं चढतो, कधीं चढत नाहीं, मूठ मध्येंच अडते, छर्रे एकाएकीं खालीं लागूं लागतात. सारा दोष मग नव्या भागाच्या माथीं मारला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चापाचे स्क्रू फिरविण्यास आरंभ होतो.

हें यंत्र चालतें कसें तें आधीं पाहूं. नळीखालच्या टाकींत सुमारें २०० बार दाबाची हवा भरलेली असते. तरफ मागें ओढली कीं नळीचें मागचें तोंड उघडतें आणि घोडा, म्हणजे एक लहानसा पोलादी ठोकळा, स्प्रिंग दाबीत मागें सरकतो. ठराविक जागीं येतांच खटका त्याला अडकवून धरतो. चाप ओढला कीं खटका सुटतो, घोडा झडपेच्या दांड्यावर आदळतो, झडप क्षणमात्र उघडते आणि मोजकी हवा अर्ध्या ग्रॅमच्या छर्‍याला सेकंदास सुमारें १७० मीटर वेगानें पुढें ढकलते.

यांतील मर्म असें कीं, घोड्याची धांव कोठून सुरू व्हावी हें खटका ठरवितो, तरफ ठरवीत नाहीं. एकदां खटका लागला कीं तरफ हळू ओढली होती कीं जोरानें, याचा छर्‍याच्या वेगाशीं संबंध उरत नाहीं. म्हणून ‘घोडा चढत नाहीं’ ही तक्रार आणि ‘नेम खालीं जातो’ ही तक्रार, या दोहोंचीं कारणें निरनिराळ्या ठिकाणीं शोधलीं पाहिजेत.

तपासणीपूर्वीं टाकी काढून ठेवावी, नळींत छर्रा नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें, आणि टाकी काढल्यावरही आंत थोडी हवा उरते हें ध्यानांत ठेवून नळीचें तोंड सुरक्षित दिशेकडेच असूं द्यावें. मग मूळची तरफ पुन्हां बसवून पाहावी. हें काम कंटाळवाणें खरें, पण तिच्यासहही खोड कायम राहिली तर नवी तरफ निर्दोष ठरते व पुढचा सारा खटाटोप वांचतो.

आतां नवी तरफ अगदीं सावकाश ओढावी आणि कान देऊन ऐकावें. खटका लागल्याचा बारीक ‘टक्’ झाल्यावरही तरफ किंचित् पुढें जाण्यास वाव असला पाहिजे. हा वाव मुळींच नसेल तर घोडा खटक्याच्या अगदीं कडेवर टेकलेला राहतो; आज चढतो आणि उद्यां हात जरा सैल पडला कीं निसटतो. तरफेचा दांडा लांकडी दस्त्याला किंवा बंदुकीच्या अंगाला टेकून लवकर थांबत असेल, तर त्या ठिकाणीं मेणबत्तीची काजळी लावून दोनचारदां ओढावें. काजळी जेथें पुसली जाईल तेथें अडथळा आहे. उलट वाव फाजील असेल तर लांब मूठ घातक ठरते. मूठ दुप्पट लांब म्हणजे हाताला अर्धा जोर. पण अडथळ्याची जाणीवही अर्धीच. स्प्रिंगचीं वेटोळीं एकमेकांस भिडलीं तरी हाताला कळत नाहीं, आणि खीळ वाकते.

या वेळीं चापाचे स्क्रू फिरवून खटका ‘खोल’ बसविणें म्हणजे आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं. त्यानें मूळ उणीव झांकली जाते आणि चापाची नाजूक जुळणी मात्र बिघडते. जुन्या स्प्रिंगच्या बंदुकींत तर प्रश्न बोटांचा आहे. तेथें तरफ थेट जबर स्प्रिंग दाबते, आणि ती निसटल्यास छर्रा ठेवणारें बोट सांपडूं शकतें. तें टाळणारी दांतेरी अटक बदललेल्या भागानें निकामी होत नाहीं ना, हें जाणत्या कारागिराकडूनच पाहून घ्यावें, आणि छर्रा बसवितांना दुसरा हात तरफेवरून काढूं नये.

नेम खालीं जात असेल तर तरफ पूर्णपणें मिटते कीं नाहीं तें पाहावें. नवीन दांडा केसभर अलीकडे राहिला, तर नळीच्या मागच्या तोंडाचें रबरी कडें नीट दाबलें जात नाहीं व हवा मागून निसटते. टाकी बसवून, लक्ष्याकडे रोखून, त्या सांध्यावर पातळ कागदाचा कपटा ठेवून बार काढावा. कपटा उडाला कीं निदान झालें. कांहीं बंदुकींत मूठ थेट घोड्यालाच जोडलेली असते. तेथें जड मूठ म्हणजे जड घोडा. झडप अधिक वेळ उघडी राहते आणि वेग बदलतो. दहाच्या वर्तुळाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असल्यामुळें हा फरक लपत नाहीं.

वंगणाविषयीं एकच सांगतों. हवेच्या मार्गांत साधें खनिज तेल कदापि घालूं नये. अतिदाबाच्या हवेंत तें पेट घेऊं शकतें. खिळीला लागेल तेवढा ग्रीसचा पुसटसा हात पुरे. नव्या तरफेचे स्क्रू पहिल्या शंभर बारांनंतर एकदां तपासावे, आणि ॲल्युमिनियमच्या तरफेंतील खिळीचें भोंक लांबट होऊं लागलें असेल तर ती तरफ तेव्हांच उतरवून ठेवावी.