सफारी रॅली : धुळीच्या कडेला तंबू

रॅली ही खुर्चीत बसून पाहायची शर्यत नाही. इथे गाड्या मैदानाला फेऱ्या मारत नाहीत. रानातला कच्चा रस्ता रहदारीला बंद करतात, त्यावर ठरावीक अंतराने एकेक गाडी सुटते आणि ती घड्याळाशी झुंजते. आपल्या पुढ्यातून ती काही क्षणांत निघून जाते. त्या क्षणांसाठी उजाडण्याआधी जागा धरावी लागते, म्हणून खरे दर्दी रस्त्याजवळच मुक्काम टाकतात. चैत्रात धुळे-जळगावहून वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांना असा मुक्काम नवा नाही. म्हणूनच खानदेशातल्या कॅमेरावाल्या तरुणांना माझं आग्रहाचं सांगणं आहे : परदेशात एकच रॅली पाहायची असेल, तर युरोपाचा विचार नंतर करा, आधी केनियाची सफारी रॅली पाहा.

या रॅलीत आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त १९५३ साली ती सुरू झाली. १९६५ साली ती जिंकली केनियातल्या जोगिंदर सिंग यांनी. सोबत भाऊ जसवंत आणि हाताखाली आधी वापरलेली व्होल्व्हो. पुढे १९७४ आणि १९७६ सालीही जोगिंदरच पहिले आले. भारतीय वंशाच्या शेखर मेहतांनी तर १९७३ साली आणि मग १९७९ ते १९८२ सलग, अशी पाच वेळा सफारी जिंकली. तेव्हा रस्ते बंद नसत. ट्रक, बस, गुरं यांच्यातून वाट काढत हजारो किलोमीटर गाडी पळवावी लागे. आपल्याकडे क्रिकेटपटूंची आकडेवारी पोरांना तोंडपाठ असते, पण मेहतांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२००२ नंतर सफारी जागतिक मालिकेतून बाहेर पडली आणि २०२१ साली परतली. आता तिचं ठाणं आहे नैरोबीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवरचं नैवाशा. हे गाव रिफ्ट व्हॅलीत, समुद्रसपाटीपासून जवळपास १९०० मीटर उंचीवर आहे. जळगावच्या मार्चमधून गेलेल्या माणसाला तिथल्या रात्री थंड वाटतात, तेव्हा स्वेटर हवाच. तळ्याकाठी तंबूंची ठिकाणं आहेत. रात्री पाणघोडे चरायला काठावर येतात, त्यामुळे अंधारात कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

केडाँग, स्लीपिंग वॉरियर, सोयसांबू, हेल्स गेट ही तिथल्या टप्प्यांची नावं. ज्वालामुखीच्या राखेची माती पिठासारखी मऊ असते. तिला फेश-फेश म्हणतात. चाकं तिच्यात रुततात आणि इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून गाड्यांना हवा ओढणारी उंच नळी बसवतात. पाऊस आला की त्याच मातीचा चिखल होतो. काळ्या रानात बूट अडकलेल्याला त्याची कल्पना येईल. रस्त्यावर झेब्रे किंवा हरणं येऊ नयेत, यासाठी वरून हेलिकॉप्टर लक्ष ठेवतं.

छायाचित्रणात धूळ ही अडचण आहे आणि शोभाही. सकाळचा तिरपा उजेड धुळीच्या पाठीमागून आला की गाडीमागचा लोट सोनेरी दिसतो. दुपारी तोच लोट निव्वळ पांढरा पडदा होतो. गाडी गोठवायची असेल तर शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. वेग दाखवायचा असेल तर १/१०० च्या आसपास ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवा. पहिल्या पाच गाड्यांत बरेचसे फोटो वाया जातील, पण हात मग बसतो. उघड्यावर लेन्स बदलू नका. शक्यतो दोन कॅमेरे न्या, नाहीतर एकाच झूमवर भागवा.

उभं कुठं राहायचं, हे मात्र फोटोपेक्षा महत्त्वाचं. वळणाच्या बाहेरची बाजू कायमची वर्ज्य, कारण घसरलेली गाडी तिकडेच येते. उंचवटा शोधा. पोर्तुगालमध्ये १९८६ साली गाडी गर्दीत शिरून प्रेक्षक मेले आणि त्या वर्षीच्या अपघातांनंतर ‘ग्रुप बी’ या अतिवेगवान गाड्यांवर बंदी आली. आपल्याकडे बारमेरजवळ २०१९ साली मोटारसायकलवरून स्पर्धेच्या रस्त्यावर आलेलं एक कुटुंब गाडीखाली सापडलं आणि तिघे गेले. रस्ता मोकळा दिसला म्हणून ओलांडू नये. शर्यतीआधी तपासणीच्या गाड्या जातात. त्यांवर शून्य लिहिलेलं असतं. त्यांतली शेवटची गेली की पुढची गाडी स्पर्धकाची, हे मनात पक्कं ठेवा.

जायचं कसं? भुसावळ-जळगावहून रेल्वेने मुंबई आणि तिथून नैरोबीला थेट विमान. केनियाची प्रवास-परवानगी ऑनलाइन काढावी लागते. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी आणि प्रमाणपत्र जपावं, कारण परतताना भारतातच ते मागतात. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा. ड्रोन घरीच राहू द्या.

संध्याकाळ राखून ठेवा सर्व्हिस पार्कसाठी. दिवसभर रस्त्यात गाडी बिघडली तर चालक आणि सहचालक यांनीच, गाडीत असेल त्या सामानानिशी ती दुरुस्त करायची असा नियम आहे. मेकॅनिकांचे हात लागतात ते इथे, मोजून दिलेल्या मिनिटांत. गिअरबॉक्स उतरतो, नवा चढतो, चिखल धुतला जातो, आणि हे सगळं प्रेक्षकांना दोरीपलीकडून दिसतं. गॅरेजच्या कामाची आवड असणाऱ्याने वाइड लेन्स लावून इथेच जास्त वेळ थांबावं.