जॅकी रॉबिन्सन

बेसबॉल हा अमेरिकेतला खेळ आहे. मैदानाच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणतात. चारी बेसना पळत फेरी मारली की एक धाव होते. जॅकी बरीच वर्षं दुसऱ्या बेसजवळ उभा राहून चेंडू अडवायचा.

पूर्वी तिथे काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांत घेत नसत. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सने जॅकीला खेळवलं. लोक शिव्या द्यायचे. संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी सांगितलं होतं, उलट भांडायचं नाही. तो भांडला असता तर बाकीच्यांची पण वाट बंद झाली असती. म्हणून तो गप राहून खेळला. १९४९ साली त्याला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला.

जॅकी १९७२ साली वारला. त्याचा नंबर ४२ होता. आता दर १५ एप्रिलला तिथले सगळे खेळाडू ४२ नंबरच घालतात.