अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतील लहान शिबिरस्थळे : रचना, नियमन व उत्तरदायित्व

प्रस्तावना :
ज्या वनश्रीच्या ओढीने मनुष्य अरण्यात मुक्कामास येतो, तीच वनश्री त्याच्या वावरामुळे क्षीण होऊ लागते. वनपर्यटनाच्या मुळाशी असलेला हा विरोध अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतील लहान शिबिरस्थळांनी कशा रीतीने हाताळला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

राष्ट्रीय वन : संकल्पना
‘राष्ट्रीय वन’ आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ या अमेरिकेत भिन्न संज्ञा आहेत. राष्ट्रीय उद्यानांसाठी १९१६ मध्ये स्वतंत्र सेवा निर्माण झाली व तिचा भर संरक्षणावर राहिला. राष्ट्रीय वने मात्र कृषी खात्याच्या वनसेवेकडे आहेत. ही सेवा १९०५ मध्ये स्थापन झाली. गिफर्ड पिंशो हे तिचे पहिले प्रमुख होत. तिच्या अखत्यारीत १५४ राष्ट्रीय वने व २० तृणभूमी असून त्यांचे एकत्रित क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहे. १९६० च्या बहुउपयोग कायद्याने इमारती लाकूड, चराई, पाणलोट आणि वन्यजीव यांच्या बरोबरीने बाह्य मनोरंजनासही या वनांच्या उद्दिष्टांत स्थान दिले.

शिबिरस्थळाचा उगम व रचनातत्त्व :
ओरेगन राज्यात कोलंबिया नदीच्या घळीत १९१६ मध्ये उभारलेले ईगल क्रीक हे वनसेवेचे पहिले विकसित शिबिरस्थळ मानले जाते. मोटारगाड्यांच्या प्रसारानंतर अशा स्थळांवरील गर्दी वाढली. त्या वर्दळीचे परिणाम वनस्पती-रोगतज्ज्ञ ई. पी. मायनेके यांनी अभ्यासले. पायांच्या व चाकांच्या दाबाने माती घट्ट होते. तीत हवा व पाणी शिरेनासे होते, मुळे दुर्बल होतात आणि कालांतराने वृक्ष वठतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

यावर त्यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी सुचविलेला उपाय साधा होता. अरुंद एकेरी वळणरस्ता, त्याला फुटलेल्या गाडी उभी करण्याच्या लहान जागा, ठरावीक ठिकाणी पक्के मेज व चूल, आणि गाड्यांना अडविणारे दगड-ओंडके अशी ती मांडणी होय. मनुष्याच्या वावराची हानी पूर्णतः टाळता येत नाही. परंतु ती थोड्या जागेत सीमित केल्यास उर्वरित वन वाचते, हे या रचनेमागील तत्त्व आहे.

आजचे स्वरूप :
लहान शिबिरस्थळात प्रत्येक मुक्कामजागेवर एक मेज व लोखंडी कड्याने वेढलेली चूल असते. पाणी अनेकदा हातपंपाचे असते, तर कित्येक ठिकाणी तेही नसते. शौचकूप पाण्याविना चालते. मैला खालच्या बंद टाकीत साठतो. अस्वलांचा वावर असलेल्या भागात अन्नासाठी भक्कम पेट्या ठेवलेल्या असतात. अनेक वनांत सलग मुक्कामाची मर्यादा १४ दिवसांची आहे.

अशा ठिकाणी कर्मचारी बहुधा उपस्थित नसतो. मुक्कामास आलेल्या व्यक्तीने जागा निवडावी, शुल्क पाकिटात घालून लोखंडी नळकांड्यात टाकावे व पावतीचा तुकडा जागेवरील खांबास लावावा, अशी पद्धत आहे. या नळकांड्यास ‘लोखंडी रेंजर’ असे विनोदाने म्हटले जाते. वनसेवेने थेट गोळा केलेल्या शुल्काचा किमान ८० टक्के भाग सामान्यतः त्याच ठिकाणी खर्च व्हावा, अशी २००४ च्या कायद्याची तरतूद आहे. त्यामुळे बुडविलेल्या शुल्काचा फटका प्रथम त्याच स्थळाच्या देखभालीस बसतो.

उत्तरदायित्वाचा प्रश्न :
वनसेवेच्या खर्चात वणवा-नियंत्रणाचा वाटा १९९५ मध्ये सुमारे १६ टक्के होता. २०१५ मध्ये तो निम्म्याहून अधिक झाला. साहजिकच मनोरंजनस्थळांच्या देखभालीवर ताण आला. देखरेख जेथे विरळ असते, तेथे नियमांचा खरा आधार वापरकर्त्याचा विवेक हाच उरतो. शेकोटीवर पाणी ओतून, राख ढवळून, ती हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नये, हा नियम याच विवेकावर विसंबून आहे. सरपण दूरवरून आणू नये, या नियमाचेही तसेच. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेली, ॲश वृक्ष पोखरणारी कीड सरपणाच्या वाहतुकीतूनही दूरवर पसरली.

या विवेकाच्या अभावी काय घडते, याचे उदाहरण ईगल क्रीकच्याच परिसरात सापडते. २ सप्टेंबर २०१७ रोजी वणव्याचा धोका असताना एका अल्पवयीन मुलाने तेथील घळीत पेटता फटाका फेकला. त्यातून भडकलेल्या वणव्याने सुमारे ४८ हजार एकर क्षेत्र व्यापले आणि पायवाटेवरील दीडशेच्या आसपास लोक रात्रभर अडकून पडले.

समारोप :
मायनेके यांची रचना पायांनी व चाकांनी होणारी हानी सीमित करू शकते. ठिणगीला मात्र तिची सीमा अडवू शकत नाही. म्हणून अशा स्थळांचे मूल्यमापन सुविधांच्या संख्येवरून न करता, तेथून निघताना मनुष्य मागे काय ठेवतो यावरून करणे उचित ठरेल. रचना आणि शिस्त यांपैकी एकीचा अभाव असल्यास दुसरी अपुरी पडते, हा या विवेचनाचा निष्कर्ष होय.