पलटणींचा फुटबॉल आणि अनवाणी पाय

आपल्या देशात फुटबॉल पसरला तो बव्हंशी लष्कराच्या छावण्यांतून. इंग्रजी अमदानीत पुणे, देवळाली, अहमदनगर येथे गोऱ्या पलटणींचा तळ असे. कवायत आटोपल्यावर शिपायांनी रिकामे न बसता खेळावे म्हणून अधिकारी उत्तेजन देत. आधी पलटणीतल्या तुकड्यांचे आपापसांत सामने होत व त्यांतून पलटणीचे अकरा गडी निवडले जात. मुंबईत १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही या संघांची मोठी कसोटी होती. पहिला चषक वूस्टरशायर पलटणीने जिंकला आणि पुढे १९३७ पर्यंत तो एकाही भारतीय नागरी संघाच्या हाती लागला नाही.

याचे कारण काय? गोऱ्यांचे बूट, असे उत्तर सहज दिले जाते. सूर्यमाळच्या पठारावर अनवाणी चेंडू खेळणाऱ्या मुलास ते चटकन पटेल. कोरड्या जमिनीवर उघडा पाय चेंडूचा स्पर्श बरोबर ओळखतो, चेंडू हलकेच वळवितो. परंतु पाऊस पडून चिखल झाला की पाय निसटतो, आणि तळाला खुंट्या असलेला बूट तेथे जमीन घट्ट धरतो. ओला चेंडू जडही होतो. तथापि सारे श्रेय बुटांस देणे न्याय्य नव्हे. ठरलेला शिधा, रोजचा सराव, वर्षभर एकत्र राहणारे तेच गडी, हे पलटणीचे खरे बळ होते. नागरी संघांतील खेळाडूंना नोकरीचाकरी सांभाळून उरलेल्या वेळी मैदानावर यावे लागे.

तरीही २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली. त्या संघातील दहा गडी अनवाणी होते. हाच संघ १९२३ साली रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण डरहॅम पलटणीपुढे ४-१ असा हरला. अखेर १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स संघाने तो चषक जिंकला. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद शहर पोलीस संघाने तो आपल्याकडे राखला. त्यांचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. पोलीस संघाची शिस्त पलटणीसारखीच, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

बुटांचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी उतरले व फ्रान्सकडून अवघ्या एका गोलाने हरले. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडविला, तेव्हा कोठे बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्न येथे रहीम यांच्याच हाताखाली भारताने चौथा क्रमांक मिळविला. तेथे यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने एकट्याने तीन गोल केले.