ओळख संगणकाची : १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि टीव्हीची जुनी केबल

मागच्या भागात रिफ्रेश रेट पाहिला : पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो आकडा. आज केबल. बहुतेकांची गाडी जिथे अडते तिथेच हिंगणघाटच्या माझ्या भाच्याचीही अडली. वर्षभर पैसे साठवून त्याने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि घरात पडलेली टीव्हीची एचडीएमआय केबल लावली. खोक्यातली केबल पिशवीतच राहिली. पंधरा दिवसांनी फोन आला, "मामा, काहीच फरक नाही दिसून राह्यला."

सेटिंग्जमध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडायला सांगितले. आकडा ६०. यादीत सर्वांत वरचा १२०. तो निवडला की पडदा मध्येच काळा होऊन परत येई.

हिशेब करू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट धरले तर एका चित्राचे जवळपास ५ कोटी बिट. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे ३०० कोटी. १४४ चित्रे म्हणजे ७०० कोटींच्या वर. २००९ च्या एचडीएमआय १.४ मधून प्रत्यक्ष चित्रासाठी ८१६ कोटी जातात. दोन चित्रांमधली मोकळी जागा त्यातच बसवायची, म्हणून असे पोर्ट बहुधा १२० वर थांबते. २०१३ च्या २.० मधून १,४४० कोटी, तर डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जातीच्या पोर्टाच्या २०१६ च्या १.४ मधून सुमारे २,५९० कोटी.

यादीतला आकडा दोन्हीकडची पोर्ट ठरवतात. केबलचे काम माल न सांडता पोचवण्याचे. सांडला की ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. भाच्याकडे पोर्टही जुने होते आणि केबलही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : संगणकाला डिस्प्लेपोर्ट लावा, आणि शक्यतो खोक्यातलीच केबल वापरा. प्लेस्टेशनला डिस्प्लेपोर्ट नसते. तिथे एचडीएमआय घ्यावी लागते. तेव्हा दुकानात "२.१ द्या" म्हणू नका. वेष्टनावर "अल्ट्रा हाय स्पीड" लिहिलेले आणि स्कॅन करता येणारे लेबल पाहा. सोन्याच्या मुलाम्याने वेग वाढत नाही, त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. लांबी दोन मीटरच्या आत ठेवा. केबल ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टात घाला. मदरबोर्डच्या पोर्टात घातली तर महागाचे कार्ड नुसते बसून राहते. आणि डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बहुधा छोटी कळ असते, ती दाबल्याशिवाय ओढू नका, पोर्ट तुटते.

भाच्याने पिशवी उघडली, एचडीएमआय काढून खोक्यातली डिस्प्लेपोर्टची केबल लावली. आकडा तरीही ६०. विंडोज पुष्कळदा आपणहून वर जात नाही. यादीतून १४४ निवडला. एक विंडो माउसने धरून पडद्यावर इकडून तिकडे ओढली, आणि हलत्या विंडोतली अक्षरे त्याने मला फोनवर वाचून दाखवली.