फवारणीआधीचे रक्त

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. चर्चा झाली ती मास्कची, हातमोज्यांची, चिनी पंपांची. ज्या विकरावर विषाचा घाव पडतो, ते मागेच राहिले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की निरोप्या रसायन लगेच मोडावे लागते. विकराचा एक रेणू सेकंदाला असे हजारो रेणू मोडतो. कीटकनाशक नेमके त्याच्या कामाच्या जागी चिकटून बसते. मग लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या आणि शेवटी थकलेले श्वासाचे स्नायू. हे विकर अळीत आहे तसे फवारणाऱ्यातही आहे. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन हे मिश्रण तर आणखी कावेबाज: सायपरमेथ्रिन मोडून काढणारी विकरेच प्रोफेनोफॉस अडवते. अळीचा बचाव असा मोडतो, माणसाचाही मोडू शकतो.

तांबड्या पेशींतले हे विकर दिवसाला जेमतेम एक टक्क्याने भरून येते. रोजंदारीवर आज या शेतात, उद्या त्या शेतात फवारणाऱ्याच्या अंगात त्यामुळे तूट साचत जाते, आणि बऱ्याचदा त्रास जाणवण्याआधीच. शिवाय निरोगी माणसांतही ही पातळी कमी-जास्त असते. आजारी पडल्यावरचा एकटा आकडा म्हणूनच फसवा ठरतो. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकापासून हंगामाआधी मूळ पातळी मोजतात. तांबड्या पेशींतली पातळी मूळच्या ७० टक्क्यांवर उतरली की कामगाराला फवारणीतून काढतात आणि ८० टक्के भरल्याशिवाय परत घेत नाहीत.

अशी चाचणी इथे करण्यावर आक्षेप येईल की सगळी कीटकनाशके याच विकरावर काम करत नाहीत. खरे आहे. यवतमाळमध्ये वापरात असलेले डायफेन्थियुरॉन पेशींतल्या ऊर्जानिर्मितीचे विकर रोखते. ही चाचणी ते पकडणार नाही. पण अपुरी चाचणी म्हणजे निरुपयोगी चाचणी नव्हे. संरक्षक पोशाख पुरे, असे म्हणणाऱ्यांनी विदर्भातल्या सप्टेंबरच्या उकाड्यात, डोक्याएवढ्या कपाशीत तो दिवसभर घालून पाहावा. खर्चाचे म्हणाल, तर बोटाच्या थेंबभर रक्तावर चालणारी उपकरणे आहेत. मोनोक्रोटोफॉसवर २०२३ मध्ये केंद्राने बंदीचा निर्णय घेतला, पण त्याचे भाऊबंद बाजारात आहेतच. कपाशीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जूनमध्येच या मूळ पातळीची नोंद व्हावी, आणि ती मजुराच्या हातात असावी.